पोट दाबले की दुखते

हुगळी नदीच्या काठी, आदिगंगेचा प्रवाह जिथे तिला येऊन मिळतो त्याच्या पलीकडे, कोलकात्याचा खिदिरपूर हा भाग वसलेला आहे. येथील गोदी १८९२ साली सुरू झाली. त्या शहरातील पहिली विजेची ट्राम २७ मार्च १९०२ रोजी धावली, ती एस्प्लनेड ते खिदिरपूर ह्याच मार्गावर. गोदीच्या कामासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली आणि स्थायिक झाली. बंगाली, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू अशा अनेक भाषा येथील गल्ल्यांतून ऐकू येतात. प्रत्येक घरची चूल वेगळी, जेवणाची रीत वेगळी; परंतु एक तक्रार सर्वांना दुभाष्यावाचून समजते. बंगाली शेजारी तिला ‘पेटेर असुख’ म्हणतात. आपण पोटाचे दुखणे म्हणतो.

ह्या वस्तीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचे उदाहरण घेऊ. व्यक्ती काल्पनिक आहे, परंतु त्यांची हकीकत ऐकून अनेक वाचकांना आपल्याच घरातील कोणाची तरी आठवण होईल. गृहस्थ चाळिशीच्या आतले, गोदीजवळच्या एका कचेरीत कारकून. आठ वर्षांपूर्वी त्यांना जुलाबांचा कडक आजार झाला. तो बरा झाला, पण पोट पूर्वीसारखे राहिले नाही. आठवड्यातून दोनतीन दिवस डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली कळ येते. शौचास जाऊन आले की थोडे बरे वाटते. कधी दिवसातून चार वेळा जावे लागते, कधी दोन दिवस कोठा साफ होत नाही. मधूनमधून आव पडते. कचेरीत निघण्याच्या वेळी तर पोट हमखास बिघडते.

ह्या आठ वर्षांत त्यांनी अनेक डॉक्टर पाहिले. प्रत्येकाने पोट दाबून पाहिले, आणि डाव्या बाजूस खाली बोटे टेकताच गृहस्थ कळवळले. ‘‘जुना आमांश दिसतो,’’ असे सांगून गोळ्या दिल्या गेल्या. चार दिवस उतार, पुन्हा तेच. घरी त्यांच्यासाठी वेगळी भाजी शिजते, मुलांना सहलीचे आश्वासन देऊन ते मोडावे लागते, पगारातील एक वाटा औषधांच्या दुकानात जातो. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मनातली धास्ती. ‘‘अहो, एवढी वर्षे दुखते आहे, आत काही वाईट तर नसेल?’’ हा पत्नीचा प्रश्न त्यांच्याही मनात रोज येतो.

डॉक्टरांच्या बोटांखाली जे दुखले ते नेमके काय सांगत होते, हाच ह्या लेखाचा विषय आहे.

हाताची भाषा

पोट तपासणे ही वैद्यकातील जुनी कला आहे आणि यंत्रांच्या युगातही तिचे मोल उणावलेले नाही. रुग्णाला उताणे निजवून गुडघे थोडे वर घ्यावयास सांगतात, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. डॉक्टर आपला हात गार असेल तर तो चोळून ऊन करतात. जिथे दुखते तिथे प्रथम हात न लावता दूरच्या बाजूने, हलकेच आरंभ करतात; मग सावकाश खोल दाबतात. हे करताना चांगल्या डॉक्टरांची नजर पोटापेक्षा रुग्णाच्या चेहऱ्याकडे अधिक असते. ओठ आवळले किंवा कपाळावर आठी पडली, की वेदनेची जागा कळते.

रुग्ण स्वतः जे सांगतो ते लक्षण. डॉक्टरांना तपासताना जे आढळते ते चिन्ह. ‘पोटात दुखते’ हे लक्षण झाले. ‘येथे दाबल्यावर दुखते’ हे चिन्ह झाले. ह्या चिन्हाला स्पर्शवेदना असे म्हणतात. मोठ्या आतड्याचा शेवटचा नागमोडी भाग डाव्या बाजूस, कमरेच्या हाडाच्या आत असतो. तो आवळलेला असला म्हणजे बोटांखाली दोरीसारखा लागतो आणि पुष्कळदा दुखतो. सडपातळ माणसाच्या पोटात तो निरोगी स्थितीतही हाताला लागू शकतो. म्हणून तो नुसता लागणे हा रोग नव्हे.

आतड्याची रचना तपासात निर्दोष आढळते, पण त्याचे चालणे आणि त्याची जाणीव बिघडलेली असते, अशा विकारांना क्रियात्मक आंत्रविकार म्हणतात. त्यांतील सर्वांत परिचित विकार म्हणजे क्षोभशील आतडे. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘आय.बी.एस.’ ह्या आद्याक्षरांनी येतो. हा विकार असलेल्या पुष्कळ रुग्णांचे पोट दाबल्यावर दुखते. परंतु हेच चिन्ह इतर अनेक रोगांतही आढळते आणि हा विकार असूनही कोणाकोणात ते मुळीच आढळत नाही. म्हणजे स्पर्शवेदना खरी असते, पण ती एकटी कोणत्याच रोगाचे नाव सांगू शकत नाही. नाव ठरते ते हकीकतीवरून.

ती हकीकत कशी असावी, हेही आता ठरलेले आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ह्या विकाराची वैशिष्ट्ये मांडली: शौचानंतर दुखणे कमी होणे, दुखणे सुरू झाले की शौच पातळ व वारंवार होणे, पोट फुगणे, आव पडणे आणि कोठा पुरता साफ झाला नाही असे वाटणे. पुढे रोम येथून निघणाऱ्या निकषांनी त्यांना अधिक रेखीव रूप दिले. २०१६ च्या निकषांप्रमाणे, तक्रार किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली असावी. गेल्या तीन महिन्यांत सरासरीने आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलेले असावे. आणि शौचाशी असलेला संबंध, शौचाच्या वेळांतील बदल, मलाच्या स्वरूपातील बदल, ह्या तीन गोष्टींपैकी दोन तरी जुळाव्यात. दाबल्यावर दुखणे ह्या यादीत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आमांशाची सावली

मग आपल्या गृहस्थांना पुन्हा पुन्हा आमांशाच्या गोळ्या का मिळाल्या? ह्याचे उत्तर शोधताना कलकत्त्याच्याच वैद्यकीय इतिहासात डोकवावे लागते.

उष्ण प्रदेशांतील रोगांच्या संशोधनात ह्या शहराचे स्थान फार वरचे आहे. रॉबर्ट कॉख ह्यांनी पटकीच्या जंतूंचा अभ्यास १८८४ साली येथे केला. खिदिरपूरपासून जवळच, घोडदौडीच्या मैदानाशेजारी असलेल्या त्या वेळच्या प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयाच्या आवारात रोनाल्ड रॉस ह्यांनी १८९८ साली हिवतापाचे कोडे उलगडले. कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स ह्यांनी १९१२ साली एमेटीन हे औषध टोचून अमीबाजन्य आमांश आणि यकृतातील गळू बरे करता येतात, हे दाखवून दिले. त्यापूर्वी ह्या रोगाने दगावणाऱ्यांची संख्या मोठी होती. ज्यांचे प्राण वाचले त्यांच्या दृष्टीने ते औषध म्हणजे संजीवनीच ठरले.

परंतु हाती गुणकारी औषध आले की तो रोग जिकडे तिकडे दिसू लागतो, असाही अनुभव आहे. रक्त पडत नाही, ताप नाही, तरी पोट वर्षानुवर्षे कुरकुरते आणि डाव्या किंवा उजव्या बाजूस खाली दाबले की दुखते. अशा रुग्णांना आपल्या देशात ‘जुनाट अमीबा’ हे नाव सर्रास दिले गेले. दुखरे आतडे हेच त्या निदानाचे प्रमाण मानले गेले. मल तपासून त्यात अमीबाची कोषरूपे आढळली म्हणजे तर शंकेला जागाच उरत नसे.

येथेच निसर्गाने एक फसवा डाव मांडला होता. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी एकसारखे दिसणारे दोन अमीबा आहेत. एक रोग निर्माण करणारा, दुसरा आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा. ब्रुम्प्त ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ साली ही शक्यता सांगितली होती, परंतु तिच्याकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. १९९३ साली मात्र दोन्ही जाती वेगळ्या असल्याचे सप्रमाण मांडले गेले, आणि निरुपद्रवी जातच कितीतरी अधिक आढळते, हेही पटले. भारतीय सेनादलातील डॉक्टरांच्या एका गटाने १९९७ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात, आमांश नसताना अमीबामुळे अशी दीर्घकाळची पोटदुखी होते काय, असा थेट प्रश्न विचारला. त्यांना त्याला आधार मिळाला नाही.

अनावश्यक औषधाची किंमत कधी फार मोठी असते. एमेटीन हृदयाला घातक ठरू शकते. क्लायोक्विनॉल हे पोटाच्या तक्रारींवर घरोघर घेतले जाणारे औषध जपानमध्ये दहा हजारांहून अधिक लोकांच्या मज्जातंतूंना इजा होण्यास कारण ठरले. कित्येकांचे पाय लुळे पडले, कित्येकांची दृष्टी अधू झाली. १९७० साली तेथे त्याची विक्री थांबविण्यात आली. आजची औषधे त्यामानाने सौम्य आहेत. तरीही कारणावाचून पुन्हा पुन्हा घेतलेली जंतुनाशके आतड्यातील उपयुक्त जंतूंचाही नाश करतात.

ह्याचा अर्थ आमांश हा रोग नाहीसा झाला, असा मुळीच नाही. रक्त व आव पडणारा आमांश आजही होतो आणि त्यावर तत्परतेने उपचार झालेच पाहिजेत.

जखम नाही, मग दुखते का?

‘‘आत काही नाही, मनाचे आहे,’’ हे वाक्य ऐकून किती तरी रुग्ण खिन्न होऊन घरी परतात. ते वाक्य अपुरे आहे. १९७३ साली लंडनमध्ये रिची ह्यांनी एक साधा प्रयोग केला. मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात एक लहानसा फुगा ठेवून त्यात हळूहळू हवा भरली. साठ मिलिलिटर हवा भरताच क्षोभशील आतड्याच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना वेदना झाल्या. इतरांपैकी शंभरात सुमारे सहा जणांनाच त्या जाणवल्या. ताण तितकाच होता, जाणीव मात्र कित्येक पटींनी तीव्र.

घरातील उदाहरणाने हे समजून घेता येईल. उन्हाने भाजलेल्या खांद्यावर मलमलीचा सदराही झोंबतो. सदऱ्यात दोष नसतो, आणि वेदनाही खोटी नसते. त्वचेची जाणीव वाढलेली असते. तसेच ह्या आतड्याचे होते. वायूने किंवा मलाने येणारा नेहमीचा ताण त्याला सोसवत नाही, आणि वरून डॉक्टरांच्या बोटांचा दाबही सोसवत नाही. आतडे आणि मेंदू ह्यांच्यामध्ये मज्जातंतूंची दाट ये-जा आहे. म्हणून काळजी, अपुरी झोप किंवा कचेरीतील ताण ह्यांनी ही जाणीव आणखी तिखट होते.

हे आतडे असे का बनते, ह्याची अनेक कारणे आहेत. त्यांतील एक आपल्या गृहस्थांच्या हकीकतीत आलेच आहे. ऑक्सफर्ड येथे चौधरी व ट्रूलव ह्यांनी १९६२ साली अशा १३० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याचा त्रास जुलाबांच्या आजारानंतर सुरू झाला होता. जंतू निघून जातात, पण आतड्याला त्याची आठवण राहते, असे म्हणता येईल. तेव्हा आपल्या गृहस्थांच्या डॉक्टरांनी आमांशाशी जोडलेला धागा अगदीच चुकीचा नव्हता. चूक होती ती जंतू अद्याप आत आहेत असे समजण्यात.

आपण एकटेच ह्या त्रासात आहोत, असेही कोणी मानू नये. ३३ देशांतील लोकांची पाहणी करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोमच्या कडक निकषांनुसार, शंभरांपैकी सुमारे चार जणांना क्षोभशील आतड्याचा विकार असल्याचे आढळले. पाश्चात्त्य देशांत ह्या तक्रारीसाठी येणाऱ्यांत स्त्रिया अधिक असतात. आपल्याकडील रुग्णालयांत पुरुष अधिक दिसतात. आपल्या गृहिणी दुखणे अंगावर काढतात, हे त्याचे एक कारण असावे. घरातील आईचे किंवा सुनेचे पोट दुखत असेल, तर ‘‘रोजचेच आहे’’ म्हणून ते टाळू नये.

कोणत्या दुखण्याला घाबरावे

स्पर्शवेदनेचे सगळेच प्रकार निरुपद्रवी नसतात. म्हणून पुढील भेद प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावा.

पोट लाकडी फळीसारखे ताठ झाले असेल, हात लावू देत नसेल, किंवा दाबलेला हात एकदम उचलताच तीव्र कळ उठत असेल, तर ती तातडीची अवस्था आहे. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत उजव्या बाजूस खाली सरकले, सोबत मळमळ आणि ताप आला, तर आंत्रपुच्छाचा दाह असण्याचा संभव असतो. न्यूयॉर्कचे शल्यविशारद मॅकबर्नी ह्यांनी १८८९ साली वर्णिलेली दुखरी जागा तीच. अशा वेळी घरगुती उपाय किंवा रेचक न देता रुग्णास लगेच रुग्णालयात न्यावे.

वेदना कधी आतड्यात नसून पोटाच्या भिंतीत, स्नायूंत किंवा मज्जातंतूंत असते. ती ओळखण्याची सोपी युक्ती फिलाडेल्फियाच्या कार्नेट ह्यांनी १९२६ साली सांगितली. दुखऱ्या जागेवर बोट ठेवून रुग्णास डोके व खांदे उचलावयास सांगतात. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतील अवयव झाकले जातात. तरीही दुखणे तसेच राहिले किंवा वाढले, तर त्याचे मूळ बहुधा भिंतीत असते. ही तपासणी डॉक्टरांनीच करावी. परंतु एवढ्या साध्या कृतीने महागड्या चाचण्या वाचू शकतात.

मलातून रक्त जाणे, कारणावाचून वजन उतरणे, वारंवार ताप, रक्ताल्पता, झोपेतून उठविणारे दुखणे किंवा जुलाब, पोटात हाताला लागणारी गाठ, पंचेचाळीस-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, किंवा जवळच्या नातलगांत आतड्याचा कर्करोग. ह्यांपैकी एकही गोष्ट असेल तर ‘क्रियात्मक विकार’ असे म्हणून थांबता येत नाही. आपल्या देशात आतड्याचा क्षय अद्याप आढळतो आणि त्यातही उजव्या बाजूस खाली दाबल्यावर दुखते, हे विसरता कामा नये. अशा वेळी रक्त व मल तपासणी आणि गरजेनुसार नळीद्वारे आतड्याची पाहणी आवश्यक ठरते. खिदिरपूरच्या रहिवाशांसाठी रॉस ह्यांचेच ते जुने रुग्णालय आज सेठ सुखलाल करनानी स्मारक रुग्णालय म्हणून चालू आहे. तेथे १९५७ सालापासून पदव्युत्तर वैद्यकीय संस्था असून, पचनसंस्था व यकृत ह्यांच्या रोगांसाठी स्वतंत्र विभागही आहे.

घरात काय करावे

निदान एकदा नीट झाले, की निम्मे काम होते. आपल्याला काय झाले आहे आणि काय झालेले नाही, हे रुग्णाला व त्याच्या घरच्यांना उमगणे हाच पहिला उपचार होय.

दोन आठवडे एका वहीत रोजचे जेवण, झोप, शौच आणि दुखणे ह्यांची नोंद ठेवावी. कोणता पदार्थ बाधतो, ते त्यावरून कळते. काहींना दूध पचत नाही, काहींना कांदा, राजमा, छोले किंवा गव्हाचे जास्त पदार्थ वायू धरतात. जो पदार्थ खरोखर बाधतो तेवढाच कमी करावा. भीतीने सगळेच वर्ज्य करून शरीर खंगवू नये. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. रिकाम्या पोटी चहावर चहा आणि तळलेले पदार्थ टाळावेत. मलावरोध असेल तर इसबगोल थोड्या प्रमाणात सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. वारंवार रेचक किंवा बस्ती घेण्याची सवय लावून घेऊ नये.

‘नळ भरला’ किंवा ‘बेंबी सरकली’ म्हणून दुखरे पोट जोराने चोळून घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावल्याने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्याने अपाय होत नाही, बरे वाटले तर चांगलेच. परंतु दुखऱ्या पोटावर जोर मुळीच करू नये.

त्रास अधिक असल्यास आतड्याचे आकुंचन सैल करणारी औषधे डॉक्टर देतात. काही वेळा उदासीनतेवरील औषध अगदी अल्प मात्रेत दिले जाते. त्याचे नाव पाहून रुग्ण दचकतो. परंतु ते आतड्याच्या तिखट झालेल्या जाणिवेला शांत करण्यासाठी असते. इंग्लंडमधील सर्वसाधारण दवाखान्यांत केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अल्प मात्रेतील अमिट्रिप्टिलीनचा लाभ स्पष्ट दिसून आला. नियमित चालणे, पुरेशी झोप आणि योगासने ह्यांनीही अनेकांना आराम पडतो. औषध कोणतेही असो, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आता आपल्या गृहस्थांकडे वळू. समजा, ह्या खेपेस डॉक्टरांनी त्यांची हकीकत शांतपणे ऐकून घेतली, वजन पाहिले, आवश्यक तेवढ्या चाचण्या केल्या आणि त्या निर्दोष निघाल्या. पोट तपासताना बोटे त्याच जागी थांबली आणि गृहस्थ तसेच कळवळले. फरक एवढाच की, ह्या वेळी डॉक्टरांनी सांगितले, ‘‘येथे दुखते हे खरे आहे. पण येथे जखम नाही, गाठ नाही, जंतूही नाहीत. तुमचे आतडे हळवे झाले आहे. ते सांभाळावे लागेल, पण त्याने तुमच्या जिवाला धोका नाही.’’

दुखणे त्या दिवशी थांबणार नाही. पुढेही कधी परीक्षेच्या काळात, कधी लग्नकार्याच्या धावपळीत ते डोके वर काढील. परंतु आठ वर्षे घरावर पसरलेली धास्तीची छाया त्या चार वाक्यांनी दूर होऊ शकते. मग मुलांची राहिलेली सहल ठरविता येईल, आणि औषधांच्या दुकानाकडे जाणारा पगाराचा वाटा घरखर्चाला उरेल.